मोबाईलवरच्या वर्गात लगाम कोणाच्या हातात?



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या की जाता जाता एक विषय निघतोच. "पोरांच्या मोबाईलचं काय करावं?" एक ताई म्हणतात, काढून घेतला तर अभ्यास बुडतो. दुसऱ्या म्हणतात, दिला तर पोरगं त्यातच बुडतं. दोघींचंही खरं आहे. पण या बोलण्यात एक बाजू बहुतेक वेळा राहून जाते, ती म्हणजे मुलांची. मोबाईलवर वर्ग चालू असतो तेव्हा मुलाला आपण बांधलेले आहोत असं वाटतं, की मोकळे आहोत असं? या अंकात ते समजून घेऊ. मग फोन द्यायचा की काढायचा, एवढ्यावरच आपलं बोलणं अडकणार नाही.

ऑनलाइन वर्ग अजून आहेत का?

"ते तर कोरोनात होतं," असं काही जणी म्हणतील. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शिक्षण विभागाचा "शाळा बंद, पण शिक्षण आहे" हा उपक्रम व्हॉट्सअॅपवरून घरोघरी आला. सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" मालिका लागायची, तीही आठवत असेल. मधे काही वर्ग सुरू झाले, पुन्हा बंद झाले. ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग राज्यभर सुरू झाले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला.

शाळा उघडली, पण मोबाईल काही परत कपाटात गेला नाही. स्वाध्याय वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. पुस्तकातल्या धड्याजवळ छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अॅपवर व्हिडिओ उघडतो. शिष्यवृत्तीची आणि आठवीच्या एनएमएमएस परीक्षेची तयारी कितीतरी मुलं यूट्यूबवर करतात. दहावी-बारावीची मुलं शहरातल्या क्लासचे तास घरी बसून बघतात. म्हणजे वर्ग थोडा शाळेत आणि थोडा मोबाईलवर, असं आता कायमचंच झालंय.

शाळेची घंटा आणि मोबाईलची घंटा

शाळेत मुलांवर किती बंधनं असतात ते आठवून बघा. घंटा वाजली की आत, घंटा वाजली की बाहेर. बाई सांगतील तिथे बसायचं, विचारून पाणी प्यायला जायचं. पण त्यात एक सोय आहे. लक्ष कुठे द्यायचं, कधी उठायचं हे मुलाला ठरवावं लागत नाही. शेजारचा लिहितोय म्हणून आपणही लिहितो.

मोबाईलवर ही घंटा नसते. आठवीतला मुलगा ओट्यावर बसलाय, सर गणित शिकवतायत, आणि त्याच पडद्यावर वरून मित्राचा मेसेज येतो, क्रिकेटचा स्कोअर येतो. वर्ग आणि जत्रा एकाच जागी भरल्यासारखं आहे. एका बोटाने इकडून तिकडे जाता येतं आणि सरांना कळतही नाही. ही मोकळीक त्याने मागितलेली नव्हती आणि ती कशी वापरायची हे त्याला कोणी शिकवलेलंही नव्हतं. कालपर्यंत घंटेवर चालणाऱ्या मुलाला आज स्वतःच स्वतःची घंटा व्हायला सांगितलं. मोठ्या माणसालाही हे सोपं नाही. रात्री एक रील बघायला घेतलं आणि अर्धा तास कुठे गेला कळलं नाही, असं आपलंही होतंच की.

दुसरीकडे, त्याच वर्गात काही बाबतीत मुलाच्या हातात शाळेपेक्षाही कमी असतं. थेट वर्ग असेल तर शिक्षक एका बटणाने सगळ्यांचा आवाज बंद करू शकतात. मुलाला हात वर केल्याचं चित्र दाबून वाट बघावी लागते. रेंज गेली की तो वर्गाबाहेर फेकला जातो आणि गैरहजेरी लागते, त्याचा काही दोष नसताना. "कॅमेरा सुरू ठेवा" असं सांगितलं की आपलं घर सगळ्या वर्गाला दिसतं. ज्या घरात एकच खोली आहे, जिथे मागे भांडी घासली जातात, आजोबा खोकत पडलेले असतात, कोणी कपडे बदलत असतं, तिथल्या मुलाला कॅमेरा म्हणजे शिक्षा वाटते. मग ते म्हणतं, "कॅमेरा बिघडलाय." आपल्याला वाटतं खोटं बोलतंय. खरं तर त्याला घर झाकायचं असतं.

मोकळीक सगळीच वाईट नसते

ऑनलाइन वर्गाने मुलांना काही चांगली मोकळीकही दिली आहे. ती डोळ्याआड करून चालणार नाही.

पहिली म्हणजे व्हिडिओ थांबवता येतो. वर्गात सर फळ्यावर भराभर गणित सोडवतात. ज्याला कळलं नाही तो पन्नास पोरांसमोर "पुन्हा सांगा" म्हणायला लाजतो. रेकॉर्ड केलेला धडा तो चार वेळा मागे नेऊन बघू शकतो, कोणी हसत नाही. घरी कोरकू, भिली, गोंडी किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या मुलांना पुस्तकातली मराठी कानावर पडायला वेळ लागतो. त्यांना थांबवण्याचं हे बटण मोठा आधार आहे.

दुसरी म्हणजे, न बोलणारी मुलं लिहून विचारू शकतात. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी चॅटवर शंका लिहिते, हे बऱ्याच शिक्षकांनी पाहिलं आहे.

तिसरी म्हणजे वेळेची सोय. सोयाबीन काढणीला घरचं माणूस कमी पडलं तर दुपारचा तास संध्याकाळी बघता येतो. मात्र ही सोय मुलींच्या बाबतीत उलटी फिरते. ते आता बघू.

पोरीच्या नशिबी दोन्हीकडचा ताबा

"तुझा तास काय, कधीही बघता येतो. आधी भाकऱ्या टाक." हे वाक्य आपल्यापैकी कोणीतरी बोललं असेल, कोणीतरी ऐकलं असेल. मुलगी शाळेत जाते तेव्हा निदान तेवढे तास ती घरकामातून सुटते. वर्ग घरात आला की ती सुटका संपते. कानात हेडफोन, हातात लाटणं आणि मांडीवर धाकटा भाऊ, अशा स्थितीत ती तास ऐकते. शिक्षकांना वाटतं मुलगी हजर आहे. घरच्यांना वाटतं मुलगी घरीच आहे. ती मात्र धड कुठेच नसते.

फोन कोणाचा, हाही प्रश्न आहे. "असर" हा ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा अहवाल. २०२१ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांच्या घरी तो होता, त्यांच्यापैकीही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. म्हणजे फोन घरात असणं वेगळं आणि मुलाच्या हातात येणं वेगळं. २०२३ च्या "असर"मध्ये देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होतं.

हे आपल्याला नवीन नाही. गटाचं कर्ज बाईच्या नावावर, सही तिची, आणि पैसे मात्र भलत्याच्याच खिशात, हे आपण पाहिलंय. त्यावर आपण बैठकांमधून किती बोललोय! अभ्यासाच्या फोनचंही तसंच आहे. "तिच्या अभ्यासासाठी घेतला" असं सगळे सांगतात, पण तो दिवसभर भावाच्या खिशात असतो आणि तिच्या हातात रात्री दहाला येतो, तोही पंधरा टक्के चार्जिंगवर.

मुलाचा फोन वाजला तर "मित्र असेल", मुलीचा वाजला तर "कोण आहे?" असं होतं. लक्ष ठेवण्यात चूक नाही. पण एकाच घरात दोन मापं असली तर मुलीला काय कळतं? आपल्यावर विश्वास नाही, एवढंच कळतं.

नियम कधी आधार वाटतो आणि कधी जाच?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस मनापासून काम करायला तीन गोष्टी लागतात. आपलं काहीतरी आपल्याला ठरवता यावं. आपल्याला हे जमतंय असं वाटावं. आणि आपलं म्हणणारं कोणीतरी सोबत असावं. या तीन गोष्टी मिळाल्या तर माणूस नियमही आनंदाने पाळतो. नाही मिळाल्या तर मोकळं सोडूनही त्याचं मन लागत नाही.

आपल्या गटाचंच घ्या. दर महिन्याला ठरल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, उशीर झाला तर दंड. किती कडक नियम आहेत! तरी ते जाच वाटत नाहीत, कारण पहिल्या बैठकीत दहा-बारा जणींनी गोल बसून ते आपणच ठरवले. बचत किती, दंड किती, सवलत कधी, यावर भांडलोसुद्धा. तेच नियम बाहेरच्या कोणी कागदावर छापून आणून दिले असते तर? निम्म्या जणींनी तिसऱ्याच महिन्यात पाठ फिरवली असती.

मुलांचंही असंच असतं. "मोबाईल आठ वाजता बंद, मी सांगते म्हणून" हा नियम मूल आपण समोर असेपर्यंत पाळतं. मग पांघरुणाखाली फोन जातो, हिस्ट्री पुसली जाते. ज्या नियमाचं कारण माहीत आहे आणि जो ठरवताना आपलं म्हणणं ऐकलं गेलं, तो नियम आपण नसतानाही बराचसा पाळला जातो. शंभर टक्के नाही. गटात तरी शंभर टक्के कुठे पाळले जातात?

मात्र मोकळं सोडून देणं म्हणजे स्वातंत्र्य देणं असंही कोणी समजू नये. वेळ नाही, जागा नाही, रिचार्ज नाही आणि विचारायला कोणी नाही, अशा मुलाला "तुझं तू बघ" म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं.

घरचा ठराव असा करू या

गटात ठराव लिहितो, तसा मोबाईलवरच्या अभ्यासाचा ठराव घरात करता येईल. मुलांना सोबत बसवा. लिहायचं काम त्यांनाच द्या. आपल्याला लिहिता येत नसलं तरी काही अडत नाही, ठरवायला तर येतं.

१. वेळ. कोणता तास कधी, ते लिहा. त्या वेळात मुलीला आणि मुलाला, दोघांनाही काम सांगायचं नाही. हा नियम आपल्यासाठी आहे.

२. पाळी. एक फोन आणि तीन मुलं असतील तर कोणाचा नंबर कधी, ते कागदावर असावं. दहावीच्या मुलीची पाळी भावाच्या मर्जीवर राहू नये.

३. जागा. घरातली माणसं ये-जा करतात पण डोकावत नाहीत, अशी जागा बघा. ओटा चालेल, दाराजवळचा कोपरा चालेल. रात्री सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी चार्जिंगला लावायचे, मोठ्यांचेसुद्धा. वडील अंथरुणात रील बघत असतील तर मुलाला काय सांगणार?

४. तासाच्या वेळी काय बंद. इतर अॅपचे मेसेज वाजणं बंद करता येतं. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तेही बंद करता येतं. ही बटणं मुलालाच शोधायला सांगा आणि त्याने आपल्याला शिकवावं. आपण बंद केलं तर तो पुन्हा सुरू करील. त्याने स्वतः केलं तर ते त्याचं काम होतं.

५. मोडलं तर काय. दंड आधी ठरवा आणि तो लहान असू द्या. उदाहरणार्थ, दुसऱ्या दिवशीचा खेळाचा वेळ कमी. पण अभ्यासाचा तास कापायचा नाही. हप्ता चुकला म्हणून कोणी गटातून काढत नाही, बसून मार्ग काढतात.

६. महिन्याने पुन्हा बसायचं. काय जमलं, काय नाही, ते बघून ठराव बदलायचा.

वयाप्रमाणे लगाम सैल होत गेला पाहिजे. पहिली ते चौथीच्या मुलाजवळ कोणीतरी मोठं माणूस बसावं. पाचवी ते आठवीत वेळापत्रक दोघांनी मिळून करावं. नववीच्या पुढे मुलांनी स्वतः करावं आणि आपण आठवड्यातून एकदा विचारावं. विचारताना "किती वेळ बघितलास?" यापेक्षा "आज काय कळलं, मला सांग" हे जास्त उपयोगी पडतं. आपल्याला त्यातलं कळो न कळो, सांगता सांगता त्याचाच अभ्यास होतो.

फोनमध्ये वेळेची मर्यादा घालणारं, कोणते अॅप वापरले ते दाखवणारं काही बसवायचं असेल तर मुलाला सांगून बसवा. गूगलचं फॅमिली लिंक हे त्यापैकी एक. गुपचूप मेसेज वाचले आणि ते मुलाला कळलं, तर पुढे ते आपल्याला काही सांगणार नाही.

"सांगितलं तर फोन जाईल"

ताईंनो, या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

वर्गाच्या ग्रुपमधून मुलीचा नंबर कोणीतरी उचलतो आणि नको ते मेसेज पाठवू लागतो. कोणी तिच्या फोटोची धमकी देतो. कोणी मुलाला गेमच्या नावाने पैसे भरायला लावतो. अशा वेळी मूल पहिल्यांदा काय विचार करतं? "आईला सांगितलं तर फोन काढून घेतील." मुलीच्या मनात याहून मोठी भीती असते. "शाळा बंद करतील. स्थळं बघायला लागतील." म्हणून ती गप्प राहते, आणि समोरच्याला नेमकं तेच हवं असतं. आपण ज्या ताब्याला तिचं संरक्षण समजतो, त्याच्याच भीतीने ती संकटात एकटी पडते.

म्हणून ठरावाच्या शेवटी एक ओळ आपल्या तोंडून मुलांना ऐकवा. "काही वाईट झालं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोनही जाणार नाही आणि शाळाही जाणार नाही." आणि तो शब्द पाळा.

असं काही झालंच तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग तो नंबर ब्लॉक करा. नको ते फोटो कोणालाही पुढे पाठवू नका, "पुरावा दाखवते" म्हणूनसुद्धा नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

शाळेकडे काय मागायचं?

सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. आपल्यापैकी काही जणी त्या समितीत आहेत. तिथे या गोष्टी मांडता येतील:

थेट तासात कॅमेऱ्याची सक्ती नको. हजेरी आवाजाने किंवा लिहून घ्यावी. रेंज नसलेल्या मुलांसाठी धडा रेकॉर्ड करून पाठवावा. स्वाध्याय रात्री नऊला न टाकता ठरलेल्या वेळी टाकावा. ज्याच्या घरी फोन नाही त्याला तोच स्वाध्याय कागदावर मिळावा. आणि ग्रुपमधले मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यावर उपाय काढावा. ग्रुपमध्ये आईचा नंबर ठेवणं हा एक मार्ग आहे.

तास किती असावेत याचंही माप आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये "प्रज्ञाता" नावाच्या सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास आणि नववी ते बारावीला चार तास सांगितले होते. सहावीच्या मुलाला कोणी सलग तीन तास मोबाईलसमोर बसायला सांगत असेल, तर आपण हे माप दाखवून विचारू शकतो.

पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या मासिक बैठकीत नेहमीचे विषय झाले की पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. तोपर्यंत प्रत्येकीने घरी मुलांना दोनच प्रश्न विचारून यायचं. "मोबाईलवर शिकताना तुला काय आवडतं?" आणि "कशाचा त्रास होतो?" मधे बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. बैठकीत मुलांची नावं न घेता उत्तरं सांगायची आणि सचिव ताईंनी ती इतिवृत्तात लिहायची. सीआरपी ताई ती ग्रामसंघात मांडतील. तीन-चार गावांतून सारख्याच तक्रारी आल्या तर प्रभागसंघाकडून शाळांना पत्र देता येईल.

गटात पहिल्यांदा आलो तेव्हा घरून विचारलं जायचं, "कुठे चाललीस, कशाला, कधी येणार?" आज त्याच घरातून विचारतात, "बैठक कधी आहे?" विश्वास एका दिवसात बसला नाही. दर महिन्याला वेळेवर गेलो, वेळेवर आलो, हिशेब दाखवला, तसा तो बसला. मुलांनाही तेवढा वेळ द्यायला हवा.